हे नको, दुसरं द्या

(एका तालुक्याच्या गावी, सार्वजनिक वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेवर माझ्या व्याख्यानाचा विषय 'बालवाचन : आव्हाने आणि उपाययोजना' असा छापला आहे. मी फोनवर एवढंच म्हणाले होते की चौथी ते सातवीच्या मुलांना मजा येईल अशी कादंबरी कशी सुचवायची, त्यावर बोलेन. छापखान्यात पोचेपर्यंत त्या मजेची आव्हानं झाली. वाचनालयाच्या कार्यवाहांवर माझा राग नाही. मुलांच्या पुस्तकांचा विषय निघाला की आपल्याकडे असंच होतं. मुलं मजा मागतात आणि मोठी माणसं उपाययोजना करतात.

ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी ही पत्रिका पाठकोरा कागद म्हणून टेबलाच्या खणात ठेवून दिली असती आणि पुढच्या आठवड्यात तिच्या मागे पुस्तकांची यादी केली असती. एकतीस वर्षं त्या या वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलामागे बसल्या. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी रविवारचा बालविभाग माझ्या गळ्यात घातला आणि सोबत एक वही दिली. आजचं माझं बोलणं त्या वहीतूनच आलेलं आहे, म्हणून आधी तिच्याविषयी सांगते.

लांबट, हिशेबाची असते तशी वही. तिच्यात तीन रकाने. पहिल्यात पुस्तकाचं नाव, दुसऱ्यात मुलाची इयत्ता, तिसऱ्यात एक आकडा. मुलाचं नाव कुठेच नाही. आकडा कसला, तर मुलाने पुस्तक ज्या पानावर सोडलं त्या पानाचा. अर्धवट वाचलेलं पुस्तक घेऊन एखादं मूल टेबलापाशी यायचं आणि मान खाली घालून म्हणायचं, 'हे नको, दुसरं द्या.' बाई विचारायच्या, 'कुठे सोडलंस?' एसटीत शेजारच्या माणसाला 'कुठे उतरणार?' असं विचारावं, त्या सुरात. मूल पान दाखवायचं, बाई आकडा लिहायच्या आणि उठून दुसरं पुस्तक काढायच्या. पूर्ण वाचलेल्या पुस्तकापुढे आकड्याऐवजी एक टिंब.

का सोडलंस, असं त्यांनी कधी विचारलं नाही. मी एकदा त्याचं कारण विचारलं, तर म्हणाल्या, 'का विचारलं की पोरं उत्तर तयार करतात. परीक्षा होती, पाहुणे आले होते. पान मात्र खरं सांगतात.' मी तीस-बत्तीस वर्षं वर्गात उभी राहून मुलांना 'का' विचारत आले होते. ते ऐकून जरा वेळ गप्पच बसले.

फ्रान्समध्ये दानिएल पेनाक नावाचे एक शाळामास्तर आणि कादंबरीकार आहेत. 1992 साली त्यांनी वाचनावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात वाचकाचे दहा हक्क सांगितले. न वाचण्याचा हक्क, मधली पानं गाळण्याचा हक्क, पुस्तक अर्धवट टाकण्याचा हक्क, असे. ते पुस्तक जगभर गाजलं. बाईंनी ते पाहिलं असण्याची शक्यता नाही. त्यांनी आपली वही घातली होती, एवढंच.

ती वही मी पहिल्यांदा सलग चाळली, तेव्हा मला वाटलं होतं की आकडे सगळीकडे विखुरलेले असतील. तसं नव्हतं. काही पुस्तकांपुढचे आकडे सातव्या-आठव्या पानाच्या आसपास गोळा झाले होते, आणि काहींचे साठ-सत्तरच्या पुढे. पुस्तकं काढून ती पानं उघडून बघितली. सातव्या-आठव्या पानापर्यंत ज्यांत काहीच घडत नव्हतं, गावाचं वर्णन, वाड्याचं वर्णन, मुलाच्या स्वभावाचं वर्णन, ती पुस्तकं तिथेच बुडत होती. आणि साठ-सत्तरच्या पुढे जी बुडत होती, त्यांत एक गंमत होती. गोष्ट चांगली धावत असायची आणि मग कुणीतरी गुरुजी, काका किंवा आजोबा मुलांना जवळ बसवून काहीतरी समजावून सांगू लागायचे. वृक्षारोपणाचं महत्त्व म्हणा, व्यसनांचे दुष्परिणाम म्हणा. मुलं नेमकी तिथे उतरून जात होती. मुलांचं नाक फार तिखट असतं. गोष्टीच्या पिशवीत भाषण घातलेलं असलं, तर त्यांना लांबून वास येतो.

आता हे वय कसलं आहे, त्याबद्दल थोडं. चौथी ते सातवी, म्हणजे नऊ ते बारा वर्षं. याच्या आधीच्या मुलांसाठी आपल्याकडे चित्रांची पुस्तकं आता छान निघतात. माधुरी पुरंदरेंचं नाव घेतलं की पुरे. याच्या पुढच्या मुलांना 'बनगरवाडी' देता येते, 'शाळा' देता येते. मधली ही चार वर्षं विचित्र असतात. या मुलांना दीडशे पानांची गुंतागुंत डोक्यात ठेवता येते, कोण खोटं बोलतंय ते पन्नास पानं आधी ओळखता येतं, पण दिवेलागणीला घरी परतायचं असतंच. मोठ्यांच्या जगातल्या मानसिक घालमेलीत त्यांना रस नाही. त्यांना घटना हव्या असतात आणि आपल्याएवढं कुणीतरी त्या घटनांच्या मध्यभागी हवं असतं.

आणि आणखी एक गोष्ट हवी असते. ती सांगितली की पालक नाराज होतात, पण सांगते. त्यांना गोष्टीत आईवडील नको असतात. आठवून बघा. ताम्हनकरांचा गोट्या पोरका, परक्या घरी येऊन वाढलेला. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीहून पुण्याला विद्याभवनात शिकायला आलेला. 'चौघीजणी'तल्या बहिणींचे वडील युद्धावर गेलेले. हॅरी पॉटर तर तान्हा असतानाच अनाथ. यात निर्दयपणा काही नाही. आई शेजारी असेल तर भुयारात कोण उतरू देईल? लेखकाला साहस घडवायचं, तर आधी मोठ्या माणसांची कुठेतरी सोय लावावी लागते. उलट आमच्या टेबलापाशी येणारे पालक जे पुस्तक मागतात, त्यात पानोपानी आईवडील असतात आणि ते बरोबरच बोलत असतात.

यावर लगेच 'श्यामची आई'चं नाव निघेल. निघू द्या. त्या पुस्तकावर माझा जीव आहे. साने गुरुजींनी ते 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पण त्याची बांधणी कशी आहे ते बघा. मोठा झालेला श्याम रोज रात्री आपल्या मित्रांना आईच्या आठवणी सांगतो. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस रात्री. पुस्तक ऐकायचं आहे, रोज थोडं, जेवणं झाल्यावर, दिवा बारीक करून. आपण ते दहा वर्षांच्या मुलाच्या हातात 'वाच, संस्कार होतील' म्हणून देतो आणि मग तो अकराव्या पानावर का उतरला, म्हणून चिडतो. बाईंच्या वहीत या पुस्तकापुढे आकडेही आहेत आणि टिंबंही. जिथे टिंब आहे तिथे बहुतेक वेळा बाईंनी शिसपेन्सिलीने बारीक लिहिलंय, 'आजीने वाचून दाखवलं.'

मी इथे काम सुरू केलं, तेव्हा माझी एक मोठी चूक होत होती. मी माझं लहानपण मुलांना वाटत होते. 'गोट्या' मला आवडला होता, म्हणून गोट्या. चौथीतल्या एका मुलीला मी फार उमाळ्याने गोट्याची गोष्ट सांगितली. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, 'तुम्हाला तेव्हा टीव्ही नव्हता का?' तिला उद्धटपणा करायचा नव्हता. मी पुस्तकाची शिफारस करत नसून माझ्या आठवणींची करतेय, हे तिला कळलं होतं.

फास्टर फेणेची गोष्ट मात्र निराळी. तो मला आवडायचा म्हणून मी आधी जरा बिचकतच दिला, आणि तो अजून चालतो. का चालतो, याचा मी बराच विचार केला आहे. एक तर भागवत पहिल्या पानावर गाडी सुरू करतात. बन्या फेणे सडपातळ, सायकलवर, जिभेचा टाळूवर 'ट्टॉक' करणारा, आणि एका परिच्छेदात तो संकटात असतो. ओळख करून द्यायला भागवत थांबत नाहीत. तुम्ही त्याला धावताना बघता आणि धावतानाच ओळखता. दुसरं म्हणजे तो एका पुस्तकात संपत नाही. ती वीस पुस्तकांची मालिका आहे. कधी प्रतापगड, कधी काश्मीर, 'रणरंग'मध्ये तर 1962 च्या चीन युद्धाची आघाडी. या वयाच्या मुलाला दुसरं पुस्तक पहिल्यापेक्षा सोपं जातं, कारण माणसं ओळखीची झालेली असतात. बाईंच्या वहीत मालिकांपुढे टिंबांच्या रांगा आहेत, रांगोळीसारख्या. मालिका लिहिणं म्हणजे काहीतरी बाजारू, असं आपल्या लेखकांना वाटतं की काय, कोण जाणे. मला तरी वाटतं की नऊ ते बारा वर्षांच्या वाचकाला मराठीत आज सर्वांत जास्त गरज आहे ती नव्या मालिकांची.

जुन्या पुस्तकांबद्दल पालक एक शंका काढतात. तार म्हणजे काय, ट्रंक कॉल म्हणजे काय, हे मुलांना कसं कळणार? माझा अनुभव असा की मुलं त्यावर अडत नाहीत. जे मूल उडत्या झाडूवरच्या खेळाचे नियम पाठ करतं, ते तारही पचवतं. आता नसलेली गोष्ट आणि कधीच नसलेली गोष्ट, दोन्ही त्याला सारख्याच. मुलं अडतात ती बारीक टाइपावर, पिवळ्या पडलेल्या कागदावर आणि बांधणीवर. बांधणी म्हणजे काय ते वाचनालयवाल्यांना माहीत आहे. पुस्तक फाटायला आलं की आपण त्याला जाड पुठ्ठा आणि काळं कापड लावून मजबूत करतो. पुस्तक टिकतं, पण आतलं चित्र, रंग, नाव सगळं गाडलं जातं. कपाटात एका ओळीत सगळी पुस्तकं कोर्टाच्या दप्तरासारखी दिसतात. बाई पुस्तक बांधायला देण्याआधी मूळ मुखपृष्ठ कापून ठेवायच्या आणि बांधून आलं की वरून खळीने चिकटवायच्या. आजही आमच्या बालविभागातली जुनी पुस्तकं हात लावल्यावर थोडी खडबडीत लागतात, ती त्यामुळे.

भागवतांचा विषय निघालाच आहे, तर त्यांची आणखी एक बाजू सांगायला हवी. ज्यूल व्हर्नच्या कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. त्यातल्या एकीचं नाव 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. धूमकेतू हा शब्द त्यांना माहीत नव्हता थोडाच! पण धूमकेतू आहे पाठ्यपुस्तकात, आणि शेंडेनक्षत्र आहे अंगणात. आजोबांनी पहाटे उठवून दाखवावं असं. आणि त्याच्या आधी 'मुक्काम'! पत्राच्या डोक्यावर गावाचं नाव लिहावं, तसा. दोन शब्दांत मुलाला कळतं की कुणीतरी चक्क धूमकेतूवर राहायला गेलंय. शिफारस कशी करावी, याचा धडा त्या नावात आहे.

शिफारस म्हणजे तरी काय करायचं असतं? बाई सांगायच्या, गोष्ट सांगू नये, पेच सांगावा आणि तोंड मिटावं. हे वाटतं तेवढं सोपं नाही. आपल्याला पूर्ण गोष्ट सांगायची, त्यातलं सौंदर्य उलगडायची, लेखकाचा मोठेपणा पटवायची ओढ असते. आता मी माझी वाक्यं ठरवून ठेवली आहेत. 'मुक्काम शेंडेनक्षत्र'साठी असं : एक धूमकेतू पृथ्वीला घासून जातो आणि जाताना पृथ्वीचा एक तुकडा वरच्या माणसांसकट घेऊन जातो. बस. 'तोत्तोचान'साठी : एका मुलीला पहिलीतच शाळेतून काढून टाकलं. मग तिला जी शाळा मिळाली, तिचे वर्ग आगगाडीच्या डब्यांत भरायचे. इथे दहातली आठ मुलं विचारतात, 'खरी गोष्ट?' हो, खरी. तेत्सुको कुरोयानागी यांच्या स्वतःच्या लहानपणाची. 1981 मध्ये जपानमध्ये आलेलं हे पुस्तक चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलं. काटेकोरपणे बोलायचं तर ती कादंबरी नव्हे, पण सहावीतल्या मुलाला वाङ्मयप्रकारांची काय पर्वा?

त्या पुस्तकात एक प्रसंग आहे. नव्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी तोत्तोचानला पहिल्या दिवशी समोर बसवतात आणि म्हणतात, तुला जे सांगायचंय ते सगळं सांग. ती बोलत सुटते. ते चार तास ऐकतात. एकदाही कंटाळत नाहीत. आम्हाला रविवारी दुपारी चार तास मिळत नाहीत, एका मुलाला चार मिनिटं मिळतात. पण शिफारशीचं खरं काम त्या चार मिनिटांतल्या ऐकण्यातच असतं. शेवटचं काय आवडलं होतं? पुस्तकच असं नाही, सिनेमा, कार्टून, क्रिकेटचा सामना, काहीही. एक मुलगा म्हणाला, 'मला काहीच आवडत नाही.' बरं म्हटलं. जरा वेळाने तो आपण होऊन सांगू लागला की त्याच्या मामाच्या शेतातल्या विहिरीत एक कासव आहे आणि ते रात्री बाहेर कसं येतं, ते कुणालाच माहीत नाही. मी त्याला फेलूदा दिला.

फेलूदावर मला जरा थांबायचं आहे. सत्यजित राय यांना आपण सिनेमासाठी ओळखतो. बंगालमधली पोरं त्यांना फेलूदासाठी ओळखतात. त्यांच्या आजोबांनी, उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी, 1913 साली मुलांसाठी 'संदेश' नावाचं मासिक काढलं होतं. मध्ये ते बंद पडलं. नातवाने 1961 मध्ये पुन्हा सुरू केलं, आणि मासिक चालवायचं तर मजकूर हवा, म्हणून स्वतः लिहू लागला. 1965 मध्ये त्यात फेलूदाची पहिली कथा आली. जगभर सिनेमे गाजत असताना हा माणूस मुलांच्या मासिकासाठी हेरकथा लिहीत बसला होता आणि त्यांची चित्रंही स्वतःच काढत होता. आपल्याकडे मोठा लेखक मुलांसाठी एखादं पुस्तक लिहितो, ते नातवंडं झाल्यावर, सवलत दिल्यासारखं. जी. ए. कुलकर्णींची 'बखर बिम्मची' असे काही मानाचे अपवाद आहेत, पण ते अपवादच.

अशोक जैन यांनी फेलूदा मराठीत आणला आणि रोहन प्रकाशनाने तो छापला. त्यातले तिघं बघा. फेलूदा हुशार, थोडा गर्विष्ठ. त्याचा भाऊ तोपशे गोष्ट सांगतो, तो वाचकाच्या वयाच्या जवळचा. आणि लालमोहन गांगुली ऊर्फ जटायू, जे स्वतः सवंग थरारक कादंबऱ्या लिहितात आणि ज्यांच्या चुका फेलूदा एकेक करून काढतो. मुलांना जटायू फार आवडतात. एका मोठ्या माणसाच्या चुका निघतायत आणि तो रागावत नाही, असं दृश्य त्यांना घरी, शाळेत कुठे बघायला मिळतं? शिवाय यातली एक कथा आपल्या वेरूळला घडते. भुवनेश्वरच्या देवळातलं यक्षीचं शिल्प चोरीला जातं आणि त्याचा माग काढत हे तिघं कैलास लेण्यापाशी येतात. आमच्या इथल्या शाळांची सहल दर दोन वर्षांनी वेरूळला जाते. मुलं कैलास लेणं बघतात म्हणजे बाहेरच्या पायऱ्यांवर डबे खातात. ही कथा वाचलेला एक मुलगा मात्र सहलीत खांब मोजत मागे राहिला आणि मास्तरांचा ओरडा खाऊन आला. बाईंच्या वहीत मी त्याच्या टिंबाला एक गोल काढला.

आता इंग्रजी माध्यमाच्या मुलांकडे येते. आपल्या गावातही ती आता निम्म्याच्या आसपास असतील. त्यांना मराठी समजतं, बोलता येतं, पण वाचताना डोळा सावकाश चालतो. डोकं सहावीतलं आणि डोळा दुसरीतला. आपण मग त्यांना बारकी, मोठ्या अक्षरांची, ससा-कासवाची पुस्तकं देतो आणि त्यांना अपमान वाटतो. बरोबरच आहे. सातवीतल्या माणसाला सशाची गोष्ट! त्यांना गोष्ट त्यांच्या डोक्याच्या मापाची हवी. त्यावर आमचा उपाय साधा आहे. पहिली वीस पानं मी मोठ्याने वाचते. वीस पानांत माणसं, जागा, बोलण्याची ढब कानात बसते. मग नेमक्या अडचणीच्या जागी, दार उघडलं आणि आत कोण होतं, तिथे पुस्तक मिटून मुलाच्या हातात देते. पुढची वीस पानं तो अडखळत वाचतो, त्याच्या पुढची कमी अडखळत.

यातलीच एक सहावीतली मुलगी 'डायरी ऑफ अ विम्पी किड' सोडून दुसरं काही हातात धरत नव्हती. आईची तक्रार की हे काय वाचन आहे, निम्मी तर चित्रं! मी म्हटलं, वाचू द्या. मग एक दिवस तिला संगीता बर्वे यांची 'पियूची वही' दिली. तीही रोजनिशीच, आपल्याकडच्या एका मुलीने सुट्टीत लिहिलेली. 2022 चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्या पुस्तकाला मिळाला, हे मी तिला सांगितलं नाही. पुरस्कार सांगितला की पुस्तक औषधासारखं दिसू लागतं. मोठ्यांना मात्र सांगते, कारण विकत घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवता. ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा' आणि भारत सासणे यांचं 'समशेर आणि भूतबंगला' हीसुद्धा त्याच पुरस्काराची पुस्तकं. दोन्हींचा सूर अगदी वेगळा. पहिलं रानावनातलं, हळू चालणारं, गाव सुटण्याच्या दुःखापर्यंत नेणारं. दुसऱ्याच्या नावातच भूतबंगला आहे, त्याला माझ्या वकिलीची गरज नाही. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे तर आमच्याकडे कपाटात टिकतच नाही. जाता जाता एक गंमत : 2017 च्या 'फास्टर फेणे' सिनेमात भा. रा. भागवतांचं काम प्रभावळकरांनी केलंय. म्हणजे बोक्याचा बाप फेणेचा बाप झाला. हे मुलांना सांगितलं की दोन्ही पुस्तकं जातात.

मुलांची पुस्तकं आणि मुलींची पुस्तकं असं कपाट आमच्याकडे नाही. तरी मुलांच्या डोक्यात ते असतंच. शांता शेळके यांनी अनुवादलेलं 'चौघीजणी' सातवीतला एक मुलगा 'बहिणीसाठी' म्हणून घेऊन गेला. पंधरा दिवसांनी पुन्हा मुदत वाढवून घेतली, बहिणीसाठी. मग तिसऱ्यांदा. त्याला बहीण नाही, हे मला माहीत होतं. त्याची आई माझी विद्यार्थिनी. मी शिक्का मारला.

दुःखी शेवटाचं काय करायचं, याचं उत्तर मला अजून नीट सापडलेलं नाही. राम पटवर्धनांनी अनुवादलेलं 'पाडस' मी एका हुशार मुलीला दिलं. जंगलाच्या कडेला राहणारा ज्योडी आणि त्याने पाळलेलं हरणाचं पिल्लू. ती ते वाचून आली आणि पुस्तक टेबलावर जवळजवळ आपटलं. 'आधी सांगायचं ना!' म्हणाली. महिनाभर तिने माझ्याकडून पुस्तक घेतलं नाही, स्वतःच कपाटातून काढायची. तेव्हापासून मी विचारते, 'यात शेवटी रडू येतं. चालेल?' काही मुलं लगेच मागे ठेवतात. काही मात्र तेवढ्यासाठीच घेऊन जातात. त्या मुलीने दोन वर्षांनी 'पाडस' पुन्हा नेलं. वहीत तिच्या नावाशिवाय दोन टिंबं आहेत, एकाच ओळीत, वेगवेगळ्या शाईची.

पालकांचं एक गाऱ्हाणं असतं की मूल तेच तेच पुस्तक पुन्हा वाचतं. वाचू द्या. आपण नाही का तीच भैरवी ऐकत? आणि मूल वयाच्या मानाने फारच सोपं किंवा फारच अवघड काही घेऊन गेलं, तरी जाऊ द्या. अवघड असेल तर सोडेल आणि पान सांगेल. 'किशोर'चे अंक घेऊन गेलं तर उत्तमच. 1971 पासून बालभारती ते मासिक काढते आहे, आणि त्याचे जुने अंक आता महाजालावर फुकट वाचायला मिळतात. ज्यांच्या गावात वाचनालय नाही, त्यांना हे जरूर सांगा.

वाचनालयाच्या पदाधिकाऱ्यांना एक विनंती. बालविभागाची खरेदी मार्चअखेर घाईघाईने, वजनावर, सवलतीच्या गठ्ठ्यांतून होऊ नये. 'थोरांची चरित्रे, संच पंचवीस' असं आमच्याकडे तीनदा आलेलं आहे. पन्नास नवी पुस्तकं घेण्यापेक्षा चालणाऱ्या दहा पुस्तकांच्या पाच-पाच प्रती घ्या. एकाच वर्गातली चार मुलं एकाच आठवड्यात एकच गोष्ट वाचत असली की मधल्या सुट्टीत तिच्यावर भांडणं होतात. त्या भांडणाएवढी चांगली शिफारस मला आजवर करता आलेली नाही.

वेळ झाली, अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. शेवटी फक्त एक सूचना, बालविभागातर्फे. वेरूळचा फेलूदा दोन महिने झाले परत आलेला नाही. ज्याच्याकडे असेल त्याने घाबरू नये, दंड माफ आहे. रविवारी चार वाजता येऊन तो कुठल्या पानावर आहे, तेवढं सांगून जावं.